तिकीट एकाचे, विमान दुसऱ्याचे

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. येथे रेल्वे नाही. आगगाडी गाठावयाची तर रहिमतपूर किंवा कोरेगाव स्थानकावर जावे लागते आणि विमान गाठावयाचे तर पुण्याची अथवा कोल्हापूरची वाट धरावी लागते. असे असले तरी या परिसरातील जनतेस विमानप्रवास आता अपरिचित राहिलेला नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली आहेत. दूरदूरच्या शहरांतील सराफ पेठांत त्यांची दुकाने आहेत; परंतु घरदार, जमीनजुमला आणि ग्रामदैवत गावाकडेच आहे. यात्रा, लग्नकार्य, जमिनीची वाटणी, वडीलधाऱ्यांचे आजारपण अशा निमित्तांनी त्यांचे येणेजाणे अखंड चालू असते. पूर्वी या प्रवासास दोन-दोन दिवस लागत. आता निकडीच्या प्रसंगी ही मंडळी विमानाचा आधार घेतात.

अशाच एका कुटुंबाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. मुलगा कोलकात्यात आहे. वडील गावी अत्यवस्थ आहेत. तो कोलकात्याहून हैदराबादला मोठ्या विमानाने आणि तेथून कोल्हापूरला लहान विमानाने येण्यास निघतो. पहिले विमान तासभर उशिरा पोहोचते आणि तोवर दुसरे निघून गेलेले असते. आता पुढच्या विमानात त्यास जागा देण्याची जबाबदारी कोणाची? त्याने नव्याने पैसे भरावयाचे, की आधीच्याच तिकिटावर त्यास पुढे नेले जाईल? खिडकीवरील कर्मचारी ‘ते विमान आमचे नव्हे’ असे म्हणू शकेल काय? या प्रश्नांची उत्तरे त्याच्या तिकिटावरील एका लहानशा ओळीत दडलेली असतात. ते विमान कोणाच्या नावाने विकले गेले आणि प्रत्यक्षात कोण चालवीत आहे, हे ती ओळ सांगते. पुष्कळ प्रवासी ती वाचीत नाहीत.

एका विमान कंपनीने दुसरीच्या वतीने लहान पल्ल्याची विमाने चालविण्याची ही पद्धती जगभर रूढ झालेली आहे. तिचे स्वरूप, तिच्यामागील हिशेब, तिच्यातून उद्भवणारे जबाबदारीचे प्रश्न आणि आपल्या राज्यातील अनुभव यांचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एस.टी.चे परिचित उदाहरण

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी विमानतळावर जाण्याची आवश्यकता नाही. वडूजच्या बसस्थानकावर उभे राहिले तरी पुरे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये ‘शिवशाही’ ही वातानुकूलित सेवा सुरू केली. तीतील काही गाड्या महामंडळाच्या स्वतःच्या होत्या, तर काही खासगी कंत्राटदारांकडून किलोमीटरमागे ठरलेल्या दराने भाड्याने घेतलेल्या होत्या. भाड्याच्या गाडीवर चालक कंत्राटदाराचा असे आणि वाहक महामंडळाचा. गाडीवर नाव एस.टी.चे, तिकीट एस.टी.चे, वेळापत्रक एस.टी.चे. गाडीची मालकी, तिची देखभाल आणि चालकाचा पगार मात्र कंत्राटदाराकडे. प्रवाशाच्या दृष्टीने ती ‘एस.टी.’च होती आणि गाडी रस्त्यात बंद पडली की तो बोल एस.टी.लाच लावीत असे.

विमान व्यवसायात नेमकी हीच रचना आढळते. मोठी कंपनी आपले नाव, आरक्षण व्यवस्था आणि वेळापत्रक देते. लहान कंपनी विमान, वैमानिक, कर्मचारी आणि देखभाल पुरविते. मोठ्या कंपनीचा क्रमांक लहान कंपनीच्या उड्डाणास लावला जातो. या सहक्रमांक पद्धतीस ‘कोड-शेअर’ म्हणतात. काही करारांत विमानावरील रंग आणि हवाईसेविकांचा गणवेशही मोठ्या कंपनीचाच असतो. विमान चालविण्याचा परवाना मात्र लहान कंपनीच्या नावे असतो आणि सुरक्षित उड्डाणाबाबत नियामक संस्थेपुढे तीच उत्तरदायी असते.

या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत १९६७ मध्ये झाला. अ‍ॅलेगेनी एअरलाइन्स या कंपनीस मेरीलँड राज्यातील हेगर्सटाउन या लहान गावाची सेवा मोठ्या विमानांनी चालविणे परवडेना. सेवा बंद करण्याऐवजी कंपनीने ती हेन्सन या स्थानिक कंपनीकडे सोपविली. हेन्सनची लहान विमाने ‘अ‍ॅलेगेनी कम्यूटर’ या नावाने हेगर्सटाउनहून बाल्टिमोरला जाऊ लागली. गावाची सेवा टिकली, मोठ्या कंपनीचे प्रवासी टिकले आणि लहान कंपनीस बाजारपेठ मिळाली. १९७८ मध्ये अमेरिकेतील विमान वाहतूक सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाल्यावर या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला.

मोठ्या कंपनीस लहानीची गरज का भासते?

दीडशे-पावणेदोनशे आसनांचे जेट विमान लांब पल्ल्यावर किफायतशीर ठरते. शे-दीडशे मैलांच्या अंतरावर, पन्नास-साठ प्रवाशांसाठी ते नेणे म्हणजे दोन पोती ज्वारी नेण्यासाठी मालमोटार जुंपण्यासारखे आहे. लहान अंतरासाठी पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप जातीची विमाने सोयीची असतात. त्यांना इंधन कमी लागते आणि तुलनेने आखूड धावपट्टी पुरते. भारतात बऱ्याच मार्गांवर दिसणारे ए.टी.आर. ७२ हे सुमारे ७० आसनांचे विमान याच जातीचे आहे.

मग मोठ्या कंपनीने स्वतःच अशी विमाने का ठेवू नयेत? काही कंपन्या ठेवतातही. परंतु निराळ्या जातीचे विमान म्हणजे निराळे सुटे भाग, निराळे अभियंते आणि निराळे प्रशिक्षित वैमानिक. शिवाय लहान कंपनीची वेतनश्रेणी व व्यवस्थापनाचा खर्च सहसा कमी असतो. हेच काम बाहेरून करून घेणे म्हणूनच स्वस्त पडते. मोठ्या कंपन्यांतील वैमानिकांना हे मान्य होतेच असे नाही. आपले काम कमी वेतनाच्या कंपनीकडे वळेल या भीतीपोटी अमेरिकेतील वैमानिक संघटनांनी आपल्या सेवाकरारांत मर्यादा घालून घेतल्या आहेत. तेथील प्रमुख करारांनुसार बाहेरून चालवून घेतलेल्या विमानांत ७६ हून अधिक आसने असता कामा नयेत.

रिकाम्या आसनाचा भार कोणावर?

अशा करारांचे मुख्य प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिल्या प्रकारात मोठी कंपनी लहान कंपनीची संपूर्ण आसनक्षमता ठरावीक मोबदल्यात विकत घेते. उड्डाणाचे तास वा फेऱ्या यांवर मोबदला ठरतो. वेळापत्रक व भाडे मोठी कंपनी ठरविते, तिकिटांचे उत्पन्न तीच घेते आणि आसन रिकामे गेले तर तोटाही तिचाच. दुसऱ्या प्रकारात उत्पन्नाची वाटणी होते. कोल्हापूर ते कोलकाता अशा तिकिटातील काही भाग लहान कंपनीस व उरलेला मोठीस मिळतो. येथे रिकाम्या आसनाचा धोका लहान कंपनीच्या माथी असतो. तिसऱ्या प्रकारात विमान, कर्मचारी, देखभाल व विमा यांसह सारेच काही मुदतीसाठी भाड्याने घेतले जाते. यास ‘वेट लीज’ म्हणतात. नुसता क्रमांक लावण्यापुरता मर्यादित करार हा चौथा प्रकार होय.

या हिशेबाचे मर्म एका काल्पनिक आकडेमोडीवरून स्पष्ट होईल. सत्तर आसनांच्या विमानाच्या एका फेरीसाठी मोठी कंपनी लहानीस २,२०,००० रुपये देते असे समजू. विमानात ४० प्रवासी असून प्रत्येकाचे या टप्प्याचे भाडे ४,००० रुपये आहे. उत्पन्न १,६०,००० रुपये झाले. म्हणजे ६०,००० रुपयांचा तोटा. एवढ्यावरून कोणीही ही सेवा बंद करावी असेच म्हणेल. परंतु या चाळिसांपैकी २० जण हैदराबादला उतरून त्याच कंपनीच्या मोठ्या विमानाने पुढे जाणारे आहेत आणि त्यांच्या पुढील प्रवासातून खर्च वजा जाता प्रत्येकी ४,००० रुपये कंपनीस उरतात. ही रक्कम ८०,००० रुपये झाली. मघाचा तोटा भरून निघाला आणि वर २०,००० रुपये हाती राहिले.

ओढ्याला पाणी थोडे असले तरी ते नदीला मिळते म्हणून त्याची किंमत. लहान गावाची विमानसेवा बहुधा अशीच असते. तिचे मोल तिच्या स्वतःच्या उत्पन्नात थोडे आणि पुढच्या प्रवाशांत अधिक असते. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ओढ्याचा नदीशी संबंध तुटला, म्हणजे मोठ्या कंपनीचा करार संपला, तर विमानातील प्रवाशांची संख्या तीच राहूनही सेवा तोट्यात जाऊ शकते. धावपट्टी जागेवर असते, प्रवासीही असतात. तरी विमान येईनासे होते.

वायुदूत ते अलायन्स एअर

आपल्या देशात लहान गावांसाठी निराळी विमान कंपनी स्थापण्याचा मोठा प्रयोग १९८१ च्या जानेवारीत झाला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी संयुक्तपणे ‘वायुदूत’ कंपनी काढली. ईशान्य भारतातील दुर्गम भागांपासून तिचा प्रारंभ झाला आणि पुढे देशाच्या इतर भागांतही तिचा विस्तार झाला. कानपूर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली डॉर्नियर २२८ ही एकोणीस आसनी विमाने तिच्या ताफ्यात आली. आपल्या भागास या कंपनीची आठवण एका दुःखद घटनेमुळेही आहे. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादकडे निघालेले वायुदूतचे डॉर्नियर विमान इंदापूरनजीक उजनी जलाशयात कोसळले व त्यातील ११ जणांना प्राण गमवावे लागले. वाढता खर्च आणि तुटपुंजे उत्पन्न यांच्या ओझ्याखाली वायुदूत पुढे टिकू शकली नाही. १९९३ मध्ये तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करण्यात आले.

यानंतरचा प्रयोग ‘अलायन्स एअर’चा. एअरलाइन अलाइड सर्व्हिसेस या नावाने १९८३ मध्ये नोंदविलेल्या या कंपनीने १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून प्रत्यक्ष उड्डाणे सुरू केली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया पुढे एक झाल्यावर ती एअर इंडियाची प्रादेशिक शाखा ठरली. तिची ए.टी.आर. विमाने लहान शहरांना मोठ्या विमानतळांशी जोडू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापूरहून हैदराबाद व बंगळूरकडे जाणारी तिची सेवा सुरू झाली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबईहून तेथे येणारे विमानही अलायन्स एअरचेच होते. या उड्डाणांची तिकिटे त्या काळी एअर इंडियाच्या आरक्षण व्यवस्थेतून विकली जात. विमान चालविणारी कंपनी कायद्याने निराळी आहे, याची जाणीव फार थोड्या प्रवाशांना होती.

जाणीव झाली ती नाते तुटल्यावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये एअर इंडियाच्या विक्रीसाठी टाटा समूहाची बोली मान्य झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनीचा ताबा त्या समूहाकडे गेला. अलायन्स एअर या व्यवहारात समाविष्ट नव्हती. ती शासनाकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिची आरक्षण व्यवस्था स्वतंत्र झाली. ९ या अंकाने सुरू होणारे चार अंकी क्रमांक असलेली उड्डाणे यापुढे आपली नाहीत, असे एअर इंडियाने प्रवाशांस जाहीरपणे कळविले. विमान तेच होते, वैमानिक तेच होते, मार्गही तोच होता. परंतु तिकिटाचा अर्थ बदलला. आदल्या दिवसापर्यंत एकाच तिकिटाने एकाच घरात होणारा प्रवास आता दोन घरांत विभागला गेला. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या मुलासारख्या प्रवाशाच्या दृष्टीने हा बदल केवळ कागदी नव्हता.

नाव आणि जबाबदारी

तिकिटावरील नाव व विमान चालविणारे हात निराळे असण्याचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे अमेरिकेतील एका अपघाताने दाखवून दिले. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला जाणारे टर्बोप्रॉप विमान उतरण्यापूर्वी एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे मृत्यू पावली. मृतांच्या नातेवाइकांनी तिकिटे ‘कॉन्टिनेन्टल’ या नामांकित कंपनीच्या नावाची पाहिली होती. प्रत्यक्षात विमान ‘कोल्गन एअर’ ही प्रादेशिक कंपनी चालवीत होती.

चौकशीत असे निष्पन्न झाले की, विमानाचा वेग धोकादायकरीत्या कमी झाल्याची सूचना मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने नेमकी उलटी कृती केली. वैमानिकांचा थकवा, अपुरी विश्रांती, तुटपुंजे वेतन आणि प्रशिक्षण यांचीही त्या निमित्ताने जाहीर चर्चा झाली. सहवैमानिक महिला आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर हजर झाली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. प्रवासी विमानाच्या वैमानिकास किमान उड्डाणानुभवाची अट कडक झाली; ती सर्वसाधारणपणे १,५०० तासांची आहे. तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालविणार, हे ग्राहकास प्रथमदर्शनीच दाखविणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले.

लहान कंपनीचे विमान म्हणजे असुरक्षित विमान, असा याचा अर्थ मुळीच नाही. सुरक्षिततेचे नियम लहानमोठ्या कंपन्यांना लागू असतात आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यांच्या पालनावर देखरेख करते. बोध इतकाच की, ज्याच्या नावावर लोक विश्वास ठेवतात त्याने काम दुसऱ्याकडे सोपविले म्हणजे त्याची काळजी संपत नाही. पंचायतीचे काम कंत्राटदारास दिले तरी रस्ता उखडल्यावर ग्रामस्थ सरपंचांकडेच येतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

या बाबतीत कायद्याची भूमिका स्पष्ट व प्रवाशाच्या हिताची आहे. विमानप्रवासातील जबाबदारीविषयी १९९९ मध्ये माँट्रिऑल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २००९ मध्ये तो स्वीकारला आणि १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमात त्यानुसार दुरुस्ती केली. या करारातील एक संपूर्ण प्रकरण आपल्या विषयाला वाहिलेले आहे. प्रवाशाशी करार करणारी कंपनी ती ‘करार करणारी वाहक’ आणि तिच्या अनुमतीने विमान प्रत्यक्ष नेणारी ती ‘प्रत्यक्ष वाहक’, असा भेद त्यात केला आहे. करार करणारी कंपनी संपूर्ण प्रवासास जबाबदार असते आणि प्रत्यक्ष वाहक तिने पार पाडलेल्या टप्प्यास जबाबदार असते. तक्रार दोघींपैकी कोणा एकीकडे केली तरी ती वैध ठरते. नुकसानभरपाईचा दावा एकीवर, दुसरीवर किंवा दोघींवर मिळून लावण्याचा अधिकार प्रवाशास आहे. ‘ते विमान आमचे नव्हे’ हे उत्तर तिकीट विकणाऱ्या कंपनीस या तरतुदींमुळे देता येत नाही.

मुदतीही ध्यानात ठेवावयास हव्यात. विमान कंपनीच्या स्वाधीन केलेल्या सामानाची मोडतोड झाल्यास सात दिवसांच्या आत, आणि सामान उशिरा मिळाल्यास ते ताब्यात आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत, लेखी तक्रार करावी लागते. दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची आहे. हे नियम आंतरराष्ट्रीय प्रवासाचे असून, देशांतर्गत प्रवासासाठी केंद्र शासनाने ते अधिसूचनेद्वारे योग्य त्या फेरफारांसह लागू केले आहेत.

ग्रामीण प्रवाशास अधिक उपयुक्त ठरावी अशी तरतूद ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये आहे. हा अधिनियम जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहकास आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. विमान कंपनीचे कार्यालय दिल्लीस असो वा हैदराबादेस, वडूजच्या रहिवाशास साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. याशिवाय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेतही तक्रार नोंदविण्याची सोय आहे.

कायद्याचा हा आधार भक्कम असला तरी त्याची एक मर्यादा ओळखली पाहिजे. संपूर्ण प्रवास एकाच करारानुसार ठरलेला असेल, तरच एक कंपनी संपूर्ण प्रवासास बांधलेली राहते. प्रवाशाने स्वस्ताईपायी दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन निरनिराळी तिकिटे काढली असतील, तर ते दोन स्वतंत्र करार होतात. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी केवळ गैरहजर ठरतो. कोलकात्याहून निघालेल्या त्या मुलाची गोष्ट येथे येऊन ठेपते. एक तिकीट असते, तर त्यास पुढच्या उपलब्ध विमानात बसवून देण्याचे काम सामान्यतः कंपनीचे झाले असते. तिकिटे दोन असतील, तर त्यास खिशात हात घालावा लागतो. आणि त्या रात्री तो कोल्हापूरला पोहोचणार की नाही, हे त्याच्या खिशावर अवलंबून राहते.

तिकीट हाती येताच पुढील चार गोष्टी पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. एक, उड्डाण कोण चालविणार, याची ओळ. दोन, संपूर्ण प्रवासाचा आरक्षण क्रमांक एकच आहे की दोन. तीन, सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदविले जाणार की मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागणार. चार, सामानाच्या वजनाची मर्यादा. कारण लहान विमानात ती मोठ्या विमानापेक्षा कमी असू शकते. आरक्षण मध्यस्थामार्फत केले असल्यास मध्यस्थाने कंपनीकडे प्रवाशाचाच दूरध्वनी क्रमांक नोंदविला आहे ना, याचीही खात्री करावी. विमान रद्द झाल्याची सूचना त्याच क्रमांकावर येते.

‘उडान’ आणि स्थानिक जबाबदारी

लहान विमानतळांच्या सेवेस मोठ्या कंपनीऐवजी शासनाने आधार देण्याची कल्पना ‘उडान’ योजनेत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत विमानातील काही आसने सवलतीच्या दराने राखली जातात. त्यामुळे होणारी तूट शासन सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत भरून देते. या अर्थसाहाय्यात महाराष्ट्रासारख्या राज्याचा वाटा २० टक्के असतो. विमानतळासाठी जमीन, तसेच सुरक्षा व अग्निशमन सेवा विनामूल्य पुरविणे आणि वीज व पाणी सवलतीच्या दराने देणे, या जबाबदाऱ्याही राज्याने स्वीकारावयाच्या असतात. मोठ्या कंपनीने आसने विकत घेऊन पत्करलेला धोका येथे काही अंशी सार्वजनिक तिजोरीने पत्करला, असे म्हणता येईल.

२७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिली उड्डाणे झाली. त्यांत नांदेड-हैदराबाद हा आपल्या राज्यातील मार्ग होता आणि ‘ट्रूजेट’ ही कंपनी तो चालवीत होती. २०२२ मध्ये त्या कंपनीची उड्डाणे थांबली आणि त्यानंतर काही काळ नांदेडची धावपट्टी नियमित प्रवासी विमानाविना राहिली. धावपट्टी बांधणे म्हणजे विमानसेवा मिळविणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळापासून आहे. सातारा-सांगली भागास जवळची विमानसेवा मिळावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे आणि सभा-संमेलनांतून ती व्यक्तही होते. अशी मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी आणखी काही माहिती हाताशी ठेवली, तर मागणीस वजन येईल. आपल्या तालुक्यातील लोक अखेरीस कोणकोणत्या शहरांना जातात? गलाई व्यावसायिकांची कुटुंबे कोठे कोठे आहेत आणि वर्षातून किती वेळा ये-जा करतात? सैन्यदलातील जवान व परराज्यांत शिकणारे विद्यार्थी किती? ज्या मोठ्या विमानतळाशी सेवा जोडावयाची, तेथून पुढची विमाने कोणत्या वेळी सुटतात? चालविणाऱ्या कंपनीचा एखाद्या मोठ्या कंपनीशी करार आहे काय? अर्थसाहाय्याची मुदत संपल्यावर रिकाम्या आसनांचा भार कोण उचलणार? पहिल्या प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतींच्या पाहणीतून सहज मिळण्यासारखी आहेत. शेवटच्या दोहोंची उत्तरे मागण्याचा अधिकार जनतेस आहे, कारण या व्यवहारात तिचा पैसा गुंतलेला असतो.

विमानतळ होईपर्यंतही करण्यासारखे एक काम आहे. वडूज, विटा, दहिवडी, आटपाडी येथून पुण्यास व कोल्हापुरास जाणाऱ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळविता आल्या, तर या दुष्काळी पट्ट्यातील प्रवाशाचा अर्धा त्रास कमी होईल. ओढा नदीस मिळावयाचा, तर पाटही वेळेवर सोडावा लागतो.

शिक्षकांसही या विषयाचा वर्गात उपयोग करता येईल. एखादे जुने तिकीट घ्यावे, त्यावरील नाव, क्रमांक व व्यक्तिगत तपशील झाकावा आणि विक्रेता कोण, वाहक कोण, जबाबदार कोण, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे. नागरिकशास्त्र, भूगोल आणि अंकगणित या तिन्ही विषयांचा धडा त्या एका कागदात सामावलेला आहे.

काम एकाने घ्यावे आणि दुसऱ्याकडून करून घ्यावे, यात गैर काही नाही. अनेक लहान गावांना विमान दिसले ते याच पद्धतीमुळे. परंतु प्रवासी विश्वास ठेवतो तो नावावर. त्या नावामागे प्रत्यक्षात कोण आहे, हे त्यास आगाऊ व स्पष्ट कळले पाहिजे आणि अडचणीच्या वेळी त्या नावाने पाठ फिरविता कामा नये. कोलकात्याहून वडिलांच्या ओढीने निघालेल्या मुलास कोणत्या कंपनीचे विमान आहे, याच्याशी एरवी कर्तव्य नसते. त्यास घरी पोहोचावयाचे असते. ते पोहोचणे सुकर व्हावे म्हणून तिकिटावरील ती लहानशी ओळ आपण स्वतः वाचावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.